उरवाईची चढण, आवळ्याची फोड

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली जुनी मराठी घरं आता बहुतेक करून म्हाताऱ्या माणसांची घरं झाली आहेत. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी इथे पडली ती कायमचीच. छावणीमागोमाग सरदार आले, कारकून आले, वैद्य, भिक्षुक, गवई आले आणि छावणीचं शहर झालं. त्या घरांतली आजची कर्ती पिढी पुण्याला, बंगळुरूला, कुणी न्यू जर्सीला गेली. दिवाळीच्या सुमारास इथून चकल्या-अनारसे बाहेरगावी जातात आणि तिकडून आईबाबांसाठी बाटल्या येतात. द्राक्षाच्या बियांचा अर्क, हळदीतलं कर्क्युमिन, जिन्कोच्या पानांचा अर्क. बाटलीवर स्मरणशक्तीचा उल्लेख असतो आणि ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द ठळक छापलेला असतो. मुलाने एवढ्या लांबून पाठवलंय म्हटल्यावर आई ती गोळी न चुकता घेते.

मुलांची काळजी खरी आहे, आणि तिच्यामागची भीतीही. किल्ल्या कुठे ठेवल्या ते आठवत नाही इथपासून सुरुवात होते आणि घरातल्या प्रत्येकाच्या मनात एक शब्द येतो, जो कुणी मोठ्याने उच्चारत नाही. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचा ज्यात मोठा वाटा आहे, त्या ‘लासी’ या देशव्यापी पाहणीला जोडून साठीपुढच्या लोकांच्या बौद्धिक चाचण्या घेतल्या गेल्या. त्यांवरून २०२३ मध्ये जो अंदाज प्रसिद्ध झाला, तो असा: भारतात साठीपुढच्या दर शंभरांत सात-साडेसात माणसांना डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश आहे. एकूण सुमारे ८८ लाख माणसं. बायकांत हे प्रमाण सुमारे ९ टक्के, पुरुषांत ६ टक्क्यांच्या आत. शहरापेक्षा खेड्यात जास्त.

म्हणून त्या बाटलीबद्दल नीट बोलायला हवं. वनस्पतींमधली द्रव्यं मेंदूला उपयोगी पडतात का? पडत असतील तर बाटलीतून की ताटातून? आणि त्याच शहरात, रेसकोर्स रस्त्यावर, गेली ६० हून अधिक वर्षं शरीराच्या हालचालीचं शास्त्र शिकवणारी देशातली एक नामांकित संस्था उभी असताना, आपल्या घरातल्या सत्तरीच्या काकू दिवसभरात किती पावलं चालतात हे आपण कधी मोजलं आहे का?

ती संस्था म्हणजे लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था. सत्तावनच्या उठावाला १०० वर्षं झाली त्या वर्षी, १७ ऑगस्ट १९५७ ला ती सुरू झाली आणि जिने याच शहरात देह ठेवला त्या राणीचं नाव तिला दिलं गेलं. शारीरिक शिक्षणात तीन वर्षांची पदवी देशात पहिल्यांदा इथे मिळू लागली. पहिले प्राचार्य पी. एम. जोसेफ हे मुंबईच्या कांदिवलीतल्या शारीरिक शिक्षण प्रशिक्षण संस्थेतून आलेले. १९९५ मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. याच शहरात जिवाजी विद्यापीठ आहे, १९६४ चं, आणि तिथे मेंदूविज्ञानाचा स्वतंत्र अभ्यास विभाग आहे. स्नायू आणि मेंदू या दोन्हींचा अभ्यास एकाच गावात होतो, असं भाग्य फार थोड्या शहरांच्या वाट्याला येतं. ग्वाल्हेरकरांनी त्याचा अभिमान बाळगावा आणि फायदाही करून घ्यावा.

मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण आपण घेतो त्या प्राणवायूपैकी २० टक्के तो एकटा वापरतो. चूल पेटली की धूर होतोच. पेशीत प्राणवायू वापरून ऊर्जा तयार होताना ‘फ्री रॅडिकल’ नावाचे अस्थिर, चटकन कशालाही चिकटणारे रेणू तयार होतात. ते पेशींच्या आवरणाला, प्रथिनांना, डीएनएला इजा करतात. मेंदूच्या पेशींच्या आवरणात स्निग्ध पदार्थ भरपूर असल्यामुळे तिथे ही इजा लवकर होते. म्हातारपण म्हणजे आयुष्यभर साठत गेलेली हीच इजा, असा सिद्धान्त अमेरिकेतले डेनहॅम हार्मन यांनी १९५६ मध्ये मांडला. त्यावरून पुढचं अनुमान सोपं वाटलं. हे रेणू निकामी करणारी द्रव्यं म्हणजे अँटिऑक्सिडंट. ती पोटात घाला, मेंदू तरुण राहील.

उंदरांमध्ये हे बऱ्यापैकी जमलंही. १९९९ मध्ये बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात जेम्स जोसेफ आणि सहकाऱ्यांनी म्हाताऱ्या उंदरांना आठ आठवडे पालक, स्ट्रॉबेरी आणि ब्लूबेरीचा अर्क मिसळलेला आहार दिला. त्यांची स्मरणशक्ती सुधारली. ब्लूबेरीवाल्या उंदरांचा तोलही सावरला. आपल्याकडे बंगळुरूमध्ये एस. आशा देवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्राक्षाच्या बियांमधल्या पॉलिफेनॉल या अँटिऑक्सिडंट द्रव्यांवर अनेक वर्षं काम केलं. २०१८ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला अभ्यास या लेखाच्या विषयाला अगदी जवळचा आहे, कारण त्यात द्राक्षबियांचा अर्क आणि व्यायाम हे दोन्ही होते. प्रौढ आणि मध्यमवयीन उंदरांच्या मेंदूत हिप्पोकॅम्पस या भागातल्या पेशींची संख्या सुधारली आणि स्निग्ध पदार्थांची इजा कमी झाली. हिप्पोकॅम्पस म्हणजे नवी आठवण जिथे घडते तो, कानाच्या आतल्या बाजूला खोलवर असलेला छोटासा भाग. म्हातारपणी तो दरवर्षी १ ते २ टक्क्यांनी आक्रसतो आणि अल्झायमरमध्ये सगळ्यांत आधी ज्या भागांना झळ लागते, त्यांतला तो एक.

द्राक्षबिया म्हटलं की नाशिक आठवणारच. पण आपण खातो ती बहुतेक द्राक्षं आता बिनबियांची असतात. बी ताटातून गेली आणि बाटलीत आली, असा हा प्रवास आहे.

माणसांवर प्रयोग झाले तेव्हा मात्र बाटलीने निराशा केली. जिन्कोचा मोठा प्रयोग अमेरिकेत ७५ च्या पुढच्या ३ हजारांहून अधिक माणसांवर कित्येक वर्षं चालला. २००८ मध्ये निकाल आला की डिमेन्शिया टाळण्यात जिन्कोचा काही उपयोग झाला नाही. जीवनसत्त्व ई आणि सेलेनियम यांचा प्रयोग साडेसात हजार पुरुषांवर झाला. २०१७ चा निकाल तोच. कर्क्युमिनचं दुखणं वेगळं. ते आतड्यातून रक्तात फारसं शिरतच नाही. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात १९९८ मध्ये दाखवलं गेलं की मिरीतलं पायपरिन सोबत दिलं तर माणसात त्याचं शोषण २० पटींनी वाढतं. आपल्या फोडणीत, मसाल्यात हळद आणि मिरी एकत्र येतातच. तरीही भाजीतली चिमूटभर हळद म्हणजे औषधाची मात्रा होत नाही, हे मान्य करायला हवं. कोकोचा प्रयोग थोडा आशादायक ठरला: २०२३ मध्ये साडेतीन हजार माणसांच्या अभ्यासात कोकोतल्या फ्लॅव्हनॉलमुळे स्मरणशक्तीला फायदा दिसला, पण तो ज्यांच्या आहारात भाज्या-फळं मुळातच कमी होती त्यांना. ज्यांचं ताट आधीच भरलेलं होतं त्यांना गोळीने फार काही दिलं नाही. बाटली पाठवणाऱ्या मुलांनी या निकालाचा विचार करावा असं मला फार वाटतं.

असं का होतं, याचं उत्तर गेल्या वीसेक वर्षांत हळूहळू स्पष्ट झालं आहे. जांभळातलं, आवळ्यातलं, मोहरीतलं तुरट, तिखट किंवा कडू द्रव्य हे त्या झाडाचं संरक्षण आहे. किडीपासून, उन्हापासून, बुरशीपासून स्वतःला वाचवायला झाड ते तयार करतं. आपण ते खाल्लं की त्यातला फार थोडा अंश रक्तात पोचतो. बराचसा भाग आतड्यातले जिवाणू फोडून त्याचं दुसरंच काही करतात. एवढ्याशा अंशाने फ्री रॅडिकल पुसून काढणं शक्य नाही. पण तेवढ्यानेसुद्धा पेशीला सौम्य धोक्याची सूचना मिळते आणि ती आपली स्वतःची संरक्षक विकरं म्हणजे एन्झाइम्स जास्त तयार करू लागते. म्हणजे झाडाचं संरक्षण आपल्या संरक्षणाला जागं करतं. त्यासाठी द्रव्य थोडं, रोज आणि अनेक प्रकारचं लागतं. प्रयोगशाळेतल्या नळीत कुठल्या फळाची अँटिऑक्सिडंट ताकद किती, याची जी यादी अमेरिकेच्या कृषी खात्याने प्रसिद्ध केली होती, ती त्याच खात्याने २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली, कारण नळीतल्या आकड्याचा शरीरातल्या परिणामाशी संबंध लागत नव्हता. बाटल्यांवर मात्र तसले आकडे अजून दिसतात.

आणि इथेच व्यायामाशी गाठ पडते. चाललं, चढलं, पोहलं की स्नायू प्राणवायू अनेक पटींनी वापरतात आणि फ्री रॅडिकल वाढतात. वरवर पाहता व्यायाम घातकच म्हणायला हवा! प्रत्यक्षात त्या वाढीमुळेच शरीराला सूचना मिळते आणि ते सज्ज होतं. २००९ मध्ये जर्मनीत मिखाएल रिस्टोव्ह यांनी तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. अर्ध्यांना रोज क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या दिल्या. ज्यांना गोळ्या नव्हत्या त्यांची इन्सुलिनला प्रतिसाद देण्याची क्षमता सुधारली, शरीरातली संरक्षक विकरंही वाढली. गोळ्या घेणाऱ्यांमध्ये ही सुधारणा दिसली नाही. गोळीने सूचनाच दाबून टाकली होती. हा प्रयोग थेट मेंदूवरचा नव्हता, हे खरं. पण मधुमेह हा डिमेन्शियाच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे आणि ग्वाल्हेरच्या काय, कुठल्याही मराठी घरात तो पाहुणा राहिलेला नाही. एका हाताने व्यायाम करायचा आणि दुसऱ्या हाताने त्याचा फायदा पुसायचा, असं होऊ नये.

व्यायामाने मेंदूत काय होतं, याचा सगळ्यांत बोलका पुरावा २०११ मधला आहे. ५५ ते ८० वयाची १२० माणसं. निम्मी आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं भराभर चालली, निम्म्यांनी नुसते हातपाय ताणायचे व्यायाम केले. वर्षानंतर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढला, दुसऱ्या गटाचा १.४ टक्क्यांनी कमी झाला. आक्रसत जाणारा भाग चालून वाढला. एक-दोन वर्षांची झीज भरून निघाली, असा त्याचा अर्थ. बीडीएनएफ नावाचं प्रथिन त्यात महत्त्वाचं: चेतापेशींना जगवणारं, त्यांच्या जोडण्या पक्क्या करणारं. काम करणाऱ्या स्नायूंतून आणि यकृतातून निघालेले संदेशवाहक रेणू रक्तावाटे मेंदूवर परिणाम करतात. २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रयोगशाळेत व्यायाम केलेल्या उंदरांच्या रक्तातला द्रव बसून राहिलेल्या म्हाताऱ्या उंदरांना दिला, तर त्यांचीही स्मरणशक्ती सुधारली. त्यामागे यकृतात तयार होणारं एक विकर निघालं. हृदय, यकृत, मांडीचे स्नायू आणि आठवण ही सगळी एकमेकांशी बोलत असतात.

इतकं सरळ मात्र काही नाही, आणि दिवाळी अंकाच्या वाचकाला अर्धं सत्य सांगू नये. २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये डिमेन्शिया झालेल्या सुमारे ५०० माणसांपैकी काहींना जोरकस व्यायाम दिला गेला. त्यांच्या बुद्धीची घसरण त्याने थांबली नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात सहा महिने व्यायाम करूनही वृद्धांच्या स्मरणशक्तीत फरक पडला नाही. माझ्या मते यावरून कळतं ते एवढंच की व्यायाम हा उपचार म्हणून उशिरा धरायचा नाही, सवय म्हणून लवकर धरायचा. आणि एकटा धरायचा नाही. फिनलंडमध्ये मिया किविपेल्टो यांनी ६० ते ७७ वयाच्या १,२६० माणसांपैकी निम्म्यांना दोन वर्षं आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाबावर लक्ष असं सगळं एकत्र दिलं. २०१५ चा निकाल चांगला आला. २०२५ मध्ये अमेरिकेत २,१११ माणसांवर तसाच प्रयोग झाला, तोही चांगला. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी १४ कारणं सांगितली, ती सगळी आवरली तर जगातला ४५ टक्क्यांपर्यंत डिमेन्शिया टळू शकेल किंवा लांबणीवर पडेल, असा त्यांचा अंदाज. त्या यादीत बैठं आयुष्य आहे, बहिरेपण आहे, मंद दृष्टी आहे, रक्तदाब आहे, एकटेपण आहे. अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांचा अभाव त्यात कुठेही नाही.

यादीत हवेचं प्रदूषणही आहे, आणि ग्वाल्हेरला ते वगळून पुढे जाता येत नाही. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगातल्या शहरांच्या हवेची जी आकडेवारी दिली, त्यात सूक्ष्म धूलिकणांच्या बाबतीत ग्वाल्हेर दुसऱ्या क्रमांकावर होतं. हे कण श्वासावाटे आत जाऊन शरीरात तीच फ्री रॅडिकलची इजा वाढवतात. इथे पहाटे पाचला स्वेटर-कानटोपी घालून फिरायला निघण्याची जुनी रीत आहे. डिसेंबर-जानेवारीत थंड हवा जमिनीलगत साचून राहते, धूर आणि धूळ तिच्यात अडकते, आणि पहाट हीच सगळ्यांत वाईट वेळ ठरते. त्या दोन महिन्यांत ऊन वर आल्यावर, अकरानंतर बाहेर पडावं. मे-जूनमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा उलट: उजाडताना फिरावं, नाहीतर घरातल्या घरात. ऋतूप्रमाणे ताट बदलणारी आपली माणसं फिरण्याची वेळ मात्र बदलत नाहीत.

चालायला या शहरात जागा उत्तम आहेत. फूलबाग, बैजाताल, कटोरा ताल सपाटीवर. ज्यांचे गुडघे आणि हृदय साथ देतात त्यांच्यासाठी किल्ला. ग्वाल्हेर दरवाजाकडून वर जाणारी वाट फक्त पायी माणसांची, एकामागून एक दरवाजे ओलांडत जाणारी. उरवाई दरवाजाच्या बाजूने गाडीरस्ता आहे, पण तोही चालण्याजोगा. दोन्ही अंगांना कड्यात पंधराव्या शतकात कोरलेल्या जैन मूर्ती, काही इतक्या उंच की मान मागे टाकावी लागते. चढण अंगावर येते. बोलता येतं पण गाता येत नाही असा दम लागला की वेग योग्य, असं डॉक्टर सांगतात, आणि उरवाईच्या चढावर ही कसोटी पन्नास पावलांत लागते. खडबडीत फरसबंदीवर पाऊल कुठे टाकायचं, समोरून येणाऱ्या गाडीला बाजू कशी द्यायची, याकडे लक्ष द्यावं लागतं. खोलीतल्या चालत्या पट्ट्यावर हे मिळत नाही.

“फिरायला जाता का, काकू?” असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: “घरातच पुष्कळ होतं हो. दिवसभर पायाला भिंगरी.” काकूंचे कष्ट खोटे नाहीत. पण ओट्याशी उभं राहणं, दोन खोल्यांत ये-जा करणं याने दम लागत नाही, आणि सून आल्यावर, धुणंभांडी बाईकडे गेल्यावर तेवढंही राहत नाही. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या अंदाजाप्रमाणे भारतातल्या निम्म्या प्रौढांची पुरेशी हालचाल होत नाही, बायकांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांत ४२. डिमेन्शियाही बायकांतच जास्त. आपल्या घरात शिकणं, पोहणं, सायकल, मैदान हे सगळं आधी मुलग्यांना मिळालं आणि त्याची किंमत आता सत्तरीच्या आज्या मोजत आहेत, हे स्पष्ट बोलायलाच हवं. काका सकाळी ग्रुपबरोबर फिरून, चहा पिऊन येतात तेव्हा काकू डबा भरत असतात.

किती चालायचं? ब्रिटनमध्ये ७८ हजार माणसांच्या मनगटावर यंत्र बांधून केलेला अभ्यास २०२२ मध्ये आला. रोज सुमारे ९,८०० पावलं चालणाऱ्यांत डिमेन्शियाचा धोका निम्म्याने कमी दिसला. मला त्यातला दुसरा आकडा जास्त मोलाचा वाटतो: ३,८०० पावलांनाच धोका २५ टक्क्यांनी कमी. ३,८०० पावलं म्हणजे जेमतेम अर्धा-पाऊण तास. दहा हजारांचा बागुलबुवा दाखवून म्हाताऱ्या माणसांना घाबरवू नये.

चालण्याच्या जोडीला पायांची ताकद आणि तोल हवा. घरच्या घरी पाहायचं असेल तर भिंतीला टेकवलेली, हात नसलेली साधी खुर्ची घ्यावी. दोन्ही हात छातीवर घडी करून, पाय जमिनीवर पक्के ठेवून, ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून पुन्हा बसणं किती वेळा जमतं ते मोजावं. कुणीतरी जवळ उभं राहावं. ७० ते ७४ वयाच्या बाईला १० पेक्षा कमी, पुरुषाला १२ पेक्षा कमी जमलं तर मांड्यांची ताकद कमी आहे आणि पडण्याचा धोका जास्त आहे. पहिल्याच वेळी उठताना हात नकळत गुडघ्यावर जातो, तिथेच बरंच कळतं. मग हीच कसोटी व्यायाम म्हणून रोज करावी, जेवणाआधी दहा-दहा वेळा. ज्यांना लहानपणापासून सूर्यनमस्कारांची सवय आहे त्यांनी ती सोडू नये. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी या एका व्यायामासाठी आयुष्यभर प्रचार केला. पूर्ण नमस्कारात वाकणं, ताणणं, हातापायांवर भार घेणं आणि लयीत श्वास असं सगळं येतं. गुडघे दुखत असतील तर खुर्चीच्या आधाराने अर्धा नमस्कारही चालतो.

आता ताट. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. आपल्या घरात वाटीभर भाजी चौघांत फिरते, तेव्हा हे अंतर लक्षात येतं. ग्वाल्हेरला मात्र हिवाळ्यात हे अंतर तोडणं सोपं आहे. मुरारच्या, लष्करच्या मंडईत पालक, मेथी, मोहरीची पानं, बथुआ म्हणजे आपलं चाकवत यांचे ढीग लागतात. शिकागोमध्ये मार्था क्लेअर मॉरिस यांनी ९६० वृद्धांच्या नोंदी पाहिल्या. रोज एक वाटीच्या आसपास पालेभाजी खाणाऱ्यांची बुद्धी न खाणाऱ्यांपेक्षा जणू ११ वर्षांनी तरुण होती, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच विचारातून घडवलेल्या आहाराचा तीन वर्षांचा नियंत्रित प्रयोग २०२३ मध्ये पुढे आला तेव्हा दोन गटांत ठळक फरक दिसला नाही, हेही नोंदवून ठेवतो. तीन वर्षं कदाचित थोडी असतील. पालेभाजीवरचा माझा विश्वास त्याने उडालेला नाही. पालेभाजी ही जादू आहे असं मात्र म्हणणार नाही.

काळं गाजर ही उत्तरेची खास चीज, महाराष्ट्रात सहसा न मिळणारी. जांभळात जो रंग असतो त्याच जातीचा रंग, अँथोसायनिन, त्यात असतो. इकडच्या शेजाऱ्यांकडून मराठी बायका त्याची कांजी करायला शिकल्या. गाजराच्या उभ्या फोडी, चिमूटभर तिखट, मीठ आणि दोन-तीन चमचे जाडसर कुटलेली मोहरी उकळून गार केलेल्या पाण्यात घालून बरणीला फडकं बांधायचं आणि उन्हात ठेवायची. रोज एकदा कोरड्या लाकडी चमच्याने हलवायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी गडद जांभळं होतं, मोहरीचा झणका नाकात जातो आणि जिभेवर आंबट लागू लागतं. तेव्हा ती तयार. रक्तदाब असेल तर मीठ बेताने घालावं, एवढंच.

कार्तिकात आवळा येतो. आवळीपूजन आणि झाडाखालचं जेवण ही मराठी घरांची इथली जपलेली रीत. आवळ्यात क जीवनसत्त्व आहेच, शिवाय तुरटपणा देणारी टॅनिनं आहेत. मोरावळा आणि च्यवनप्राश यांत साखर भरपूर असते, म्हणून मधुमेह असलेल्यांनी कच्च्या आवळ्याची फोड मिठाला लावून खावी. उन्हाळ्यात फालसा, मग जांभूळ. थंडीत मुरैनाची गजक, जिला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिळात चांगली द्रव्यं आहेत, पण पाकाचं प्रमाण पाहता एका तुकड्यावर थांबावं.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१३ मध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी यांनी हैदराबादच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास मांडला. दोन भाषा बोलणाऱ्यांमध्ये डिमेन्शियाची लक्षणं एकभाषिकांपेक्षा साडेचार वर्षं उशिरा दिसली, अगदी निरक्षरांमध्येसुद्धा. ग्वाल्हेरचा मराठी माणूस २०० वर्षं घरात मराठी आणि बाड्याच्या बाजारात हिंदी बोलत आला आहे. नातवंडांशी मराठी सोडू नका, हे सांगायला आता आणखी एक कारण मिळालं. कृष्णराव शंकर पंडितांसारखे गवई इथेच, याच मराठी समाजात झाले; १८९३ चा जन्म, १९८९ ला निधन, आणि उतारवयातही गाणं सुटलं नाही. एका माणसाच्या आयुष्यावरून शास्त्र सिद्ध होत नाही. पण रोजचा रियाज, भरपूर पाठांतर आणि शिष्यांचा राबता असलेलं म्हातारपण कसं असतं, हे या शहराने डोळ्यांनी पाहिलं आहे.

बाटली पाठवणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे. ते पैसे आईच्या चांगल्या बुटांवर, बाबांच्या श्रवणयंत्रावर, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेवर खर्च करा. व्हिडिओ कॉलवर “औषध घेतलंस का?” याच्या आधी “आज कुठवर चालून आलीस?” असं विचारा. तुम्ही स्वतः चाळिशीत असाल तर तुमच्या मेंदूचं वय आत्ताच ठरतं आहे, तेव्हा स्वतःही चाला. आणि विसरणं वाढलं, रोजची कामं अडू लागली, नेहमीच्या रस्त्यावर माणूस चुकू लागलं, तर ‘वयच झालं’ म्हणून सोडून देऊ नका. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, ऐकू न येणं यांमुळेही असं होतं आणि त्यावर उपचार आहेत. आपल्या शाकाहारी घरांत बी-१२ आधी तपासावं. ग्वाल्हेरला गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं जयारोग्य रुग्णालय आहे. आईवडील एकटे राहत असतील आणि कुणाला विचारावं कळत नसेल, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ या क्रमांकावर आहे. तो आकडा त्यांच्या फोनमध्ये आजच साठवून द्या.